हँडब्रेक

मे महिन्यात पहाटे साडेपाचलाच
मिहानमधलं डांबर कोमट असतं.
रस्ते रुंद, रिकामे. दोन्ही बाजूंना
न विकलेले प्लॉट, बाभळी,
आणि एक म्हैस, जिला लायसन लागत नाही.
मी डावीकडे बसलो.
स्वतःच्या गाडीत डावीकडे, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

कैरवी. वय अठरा वर्षे एकोणतीस दिवस.
मागच्या दिवाळीत न विचारता
आईची मोपेड काढली हिनं,
शंकरनगर चौकात पोलिसानं धरली.
मी गेलो, तर तो म्हणाला,
‘साहेब, पोरगी रडली नाही हो,
उलट माझंच नाव विचारून राहिली होती.’
मला आत कुठंतरी बरं वाटलं,
आणि घरी येऊन मी तिला दोन तास बोललो.
तेव्हापासून तिच्या खोलीची कडी
दोनदा बदलली.
सुतार आता नुसतं विचारतो, ‘तेच दार ना?’

मी कोराडीला, वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये.
रात्रभर काटे पाहतो : दाब, तापमान, भार.
काटा लालकडे सरकला की काय करायचं
ते तिथं भिंतीवर लिहिलेलं आहे, क्रमानं.
घरच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर.

‘क्लच हळू.’
‘हळूच सोडून राहिली.’
‘याला हळू म्हणत नाहीत.’
‘बाबा, तुम्ही ओरडून राहिले.’
‘मी ओरडत नाही!’
गाडी बंद पडली.
मग तेवढी टिटवी ओरडली.

कबूल करतो, माझा उजवा हात
पहिल्या दिवसापासून हँडब्रेकवर होता.
सहज ठेवल्यासारखा.
नवव्या दिवशी खापरीकडून ट्रक आला
आणि मी तो ओढला, पुरता ओढला.
पट्ट्यांनी दोघांनाही मागं खेचलं.
ट्रक हॉर्न न वाजवता निघून गेला,
त्याच्या बाजूनं, लांबून,
जसा तो आधीपासूनच चालला होता.

मी दार आपटण्याची वाट पाहिली.
तिनं इंजिन बंद केलं.
माझं मनगट धरलं, हात उचलला,
आणि माझ्याच मांडीवर ठेवला,
कुणाची तरी विसरलेली वस्तू परत करावी तसा.
दिवाळीपासून तिनं मला शिवलं नव्हतं.
तळवा घामानं ओला होता तिचा.
एवढे महिने मला वाटत होतं
की घरात भीती फक्त मलाच आहे.
‘चल आता,’ ती म्हणाली.
गाडीला की मला, विचारलं नाही.

जुलैत लायसन आलं. फोटोत ती रागावलेली आहे.
‘नाइट शिफ्टला आज बसनं नका जाऊ,
मी सोडते,’ म्हणाली, चपला घालता घालता.
सदर, मानकापूरचा पूल, पुढे सगळे ट्रक.
मी दोन्ही हातांत डबा धरून बसलो.
गेटवर उतरलो. ‘पोचली की—’
‘हो.’
मागचे लाल दिवे कोळशाच्या गाड्यांत मिसळले.

त्या रात्री सहा नंबरचा काटा
मी दोनदा चुकीचा वाचला.
दहा चाळीसला फोन थरथरला :
‘पोचली’
मी बरंच काही लिहिलं, खोडलं, ‘ठीक’ पाठवलं.
लगेच दुसरा :
‘पेट्रोल टाका उद्या’

सकाळी बसनं आलो, किल्ली घेतली,
गाडीत शिरलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले.
सीट पुढं ओढलेली, तिच्या मापाची.
आरसाही तिच्या उंचीचा :
मला त्यात रस्ता दिसेना,
नुसती मागची सीट,
जिथं ती झोपून यायची अमरावतीहून,
तोंड उघडं, एक मोजा गळालेला.
सीट मागं ढकलायला हात खाली गेला होता.
तो तिथंच राहिला थोडा वेळ.

मग काटा पाहिला.
खरंच, थेंब नव्हता.