कुसू

महू रोडवर, राऊच्या अलीकडे,
कुण्या साहेबाचं फार्महाऊस मोजायला आलेय:
टेप, ओळंबा, चौकटींची वही,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला गेंदालाल,
जो प्रत्येक मापानंतर ‘हां मॅडम’ म्हणतो.

साहेब रेल्वेचा की रिसाल्याचा, नक्की कोणी सांगत नाही.
त्याला माळव्यात आपल्या गावचं घर हवं होतं:
पांढऱ्या भिंती, त्यांवर काळ्या लाकडाच्या चौकटी,
तिरपे धिरे, आणि छपराला खडा उतार;
जिथं बर्फ कधी पडणार नव्हता
तिथं बर्फ घसरावा म्हणून.

पहिल्याच दिवशी नखानं खरवडलं.
बोटभर जाडीची फळी, डांबर फासलेली.
तिच्याखाली वीट, चुना, पुन्हा वीट.
अंगावर बरगड्या रंगवून घेतलेला
धडधाकट माणूस.

काळ्या मातीला यातलं काही कळत नाही.
श्रावणात फुगते, वैशाखात हात हात तडकते,
वर कोण बसलंय, बघत नाही.
दिवाणखान्याच्या पूर्व कोपऱ्यातून खिडकीपर्यंत
भेग जिन्यासारखी उतरलीय.
मी लिहिलं: बावीस मिलीमीटर, जुनी, वाढती.

दुपारी भेरूलालनं चहा आणला.
गोठ्यात बसा म्हणाला, तिथं गार असतं.

गोठा माझ्या यादीत नव्हता.
यादीत मुख्य इमारत, पोर्च, विहीर.

आत सात म्हशी. वर पाच खण.
दगडी उथळ्यांवर सागाचे बारा खांब,
निमाडातून घाट चढून आलेले.
टॉर्च फिरवला, पुन्हा फिरवला.
खिळा एकच,
त्यावर भेरूलालचा सदरा.

दादा म्हणायचे, खिळा म्हणजे उधारी,
कुसू म्हणजे रोख.
मल्हारगंजच्या दुकानात
उजव्या हाताच्या साडेतीन बोटांनी
कुसू भोकात बसवताना ते ऐकत असायचे.
ठोक्याचा आवाज बदलला की मोगरी खाली.
“हो म्हणालं,” एवढंच.
पुढं प्लायवूड आलं.
त्यात ऐकण्यासारखं काही नसतं.

इथं सांध्यासांध्यावर पटाशीच्या खुणा:
खांबावर तीन रेघा, तुळईवर तीन.
आधी अंगणात आडवं मांडलं असणार,
जुळवलं, सोडवलं, मग उभं केलं.
सुताराचं नाव नाही कुठं.
फक्त शेवटच्या चौकटीत
खांबावर पाच, तुळईवर सहा,
आणि सहावीवर घाईनं मारलेली काट.
चूक झाली? लाकूड कमी पडलं?
की त्या दिवशी साहेब
घोड्यावरून बघत होता?
भोक अर्ध्या बोटानं खाली गेलेलं.
तिथं बाभळीची पाचर ठोकलीय.
ती आहे अजून.

ओळंबा सोडला. खांब पश्चिमेला
चार सेंटीमीटर कललेला.
भेरूलाल हसला. आत्ता आहे, म्हणाला,
पाणी सरलं की येतो परत.
भादव्यात रात्री करकरतो,
म्हशी नुसते कान हलवतात.
करवट घेतो, असं म्हणाला तो, त्याच्या बोलीत.
मी मनात मराठी केलं: कूस बदलतो.
आणि जन्मभर तोंडात असलेले दोन शब्द
पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसले.

वहीचं नवं पान काढलं.
“ये भी?” गेंदालालनं विचारलं.
धर, म्हटलं.

त्यानं टोक पाचरेला लावलं.
मधली म्हैस काही सरेना.
तिच्या पाठीवरूनच ताणून वाचलं:
चार मीटर वीस, आणि थोडं.
दादांनी त्या थोड्यासाठी
पेन्सिल न घेता
लाकडावर नख ओढलं असतं.
मी कागदावर
कितीतरी वेळ
थांबले.