गाण्याची बाजू

धुळ्याला, पारोळा रोडवर, मोईन मन्यारच्या दुकानात
दुपारी अडीचला गाडी आत घेतली.
वॅगन आर, एमएच एकोणीस, आप्पांची.
आप्पा बाहेर बाकड्यावर, रुमालानं मान पुसत.

मोईन म्हणाला, ताई, कंपनीचा स्पीकर म्हणजे कागद,
पंगतीतल्या द्रोणाएवढा जाड.
भाजल्या वांग्याचं साल निघावं
तसं त्यानं दाराचं अस्तर सोललं.
दोन क्लिपा तुटल्या.
ह्या तुटतातच, म्हणाला, पैसे नाही लावत.

डाव्या जाळीमागे रुई निघाली,
बोटभर, काळपटलेली.
जिनिंगमधून घरी येताना आप्पांच्या सदऱ्यावरून
रोज थोडी थोडी उतरलेली.
स्पीकरची कड पापडासारखी हातात आली.

मग त्यानं उजवा काढला.
राहू दे, म्हटलं, तो मुकाच आहे पहिल्यापासून.
मोईननं वायर लावून पाहिली.
मुका?
ताई, हा तर कोरा आहे. हा वाजलाच नाही कधी.
जुन्या टेपच्या बारक्या पडद्यावर बोट ठेवलं:
बॅलन्स कुणीतरी पार डावीकडे ढकललेला,
शेवटच्या आकड्यापर्यंत.

मागच्या सीटवर डावी खिडकी
म्हणजे गाण्याची बाजू.
त्यासाठी मी आणि किशोर अमळनेर ते चोपडा भांडायचो,
एकदा त्यानं माझी रिबीन काचेबाहेर सोडली.
उजवीकडे बसेल त्याला नुसता वारा.
आई पुढे, डावीकडे. तिला सगळं ऐकू यायचं,
गाणं आणि आम्ही दोघं.
आप्पा टोलवाल्याशी बोलताना
खांद्यासकट अख्खे वळायचे.
किती अदबीचा माणूस, असं आम्हाला वाटायचं.

प्रेसचं मशीन उजव्या हाताला.
एकतीस वर्षं.
घरी कुणाला एक शब्द नाही.

आता गाडी मी चालवते
आणि आप्पा डावीकडे बसतात, आईच्या जागेवर.
त्यांचा उजवा कान माझ्याकडे.
आठ महिने मी विचारतेय,
गोळी घेतली का, काच खाली करू का,
आणि ते समोरचा रस्ता बघत गप्प.
मला वाटायचं, मी नांदायला परत गेले नाही
त्याचा राग आहे.
मीही मग बोलणं कमी केलं होतं.
टेप बदलायला आले ती खरं तर
ही शांतता झाकायला.

मोईननं दारांत काळी डांबरी शीट चिकटवली,
रोलरनं दाबून, कोपऱ्यांत नखानं.
ठोकून दाखवलं: बघा, पत्रा होता, आता सागवान.
ट्वीटर आरशांपाशी, अ‍ॅम्प सीटखाली,
डिकीत वूफर, गव्हाच्या डब्याएवढा.
सात वाजत आले.
हातातल्या मोबाइलवर गाडीचं चित्र, त्यात चार खुर्च्या.
आवाज कुठल्या सीटसाठी जुळवू? ड्रायव्हर?

डावीकडची, म्हटलं. आणि बॅलन्सही तिकडेच.

तो चिडलाच. सव्वीस हजारांचा माल,
आणि अर्धी गाडी झोपवायची?
मी आप्पांकडे पाहिलं. मग त्यानंही पाहिलं.
काही न बोलता आकडा सरकवला,
शेवटपर्यंत नाही,
माझ्यासाठी दोन घरं ठेवून.

फागण्याच्या अलीकडे वूफरचा पहिला ठोका पडला
तशी आप्पांनी पोटावर हात ठेवला.
"हाई तं पोटमा वाजी राह्यनं."
आवडलं की नाही, कळलं नाही.
पण हात काढला नाही,
आणि थोड्या वेळानं
एक बोट हलायला लागलं, ठेक्याच्या जरा मागून.

पुढच्या टपरीशी गाडी थांबवली.
बोनेटला वळसा घालून
डाव्या काचेशी गेले, वाकले,
आणि साध्याच आवाजात विचारलं,
आप्पा, चहा?

"साखर कमी सांग,"
ते म्हणाले, लगेच.