परवाचा आकडा

सकाळचे सहा चाळीस.
सुकदेव गांगुर्डे गाडीतून बर्फाची पेटी उतरवतो
आणि चहाच्या टपरीकडे बघून मान हलवतो: आधी काम.

बाटली कालच भट्टीतून निघाली,
तिला अजून कुणाचा श्वास लागलेला नाही.
मी तिचं तोंड प्रवाहाकडे धरते, हातभर खाली.
काठाचं घ्यायचं नाही, गाळ उठू द्यायचा नाही,
वाहत आलेला द्रोण, विझलेली वात चुकवायची,
आणि वर दोन बोटं रिकामं ठेवायचं,
मोजण्याआधी ढवळायला जागा लागते.

रामकुंड, पूर्वेची पायरी. तापमान एकोणीस.
रंगापुढे मी लिहिते: हिरवट.
वासाचा रकाना फार लहान आहे.

मिथुन दोरीला चुंबक बांधून नाणी काढतो.
जी चुंबकाला चिकटत नाहीत, जुनी,
त्यांच्यासाठी बुडी मारतो.
अकरा वर्षांचा असेल. ओठ निळे.
"काय बाई, पास का नापास?"
दर सोमवारी हेच.
"परवा कळेल."
"परवा हे पाणी कुठं असंल?"
सुकदेव पेटीचं झाकण दाबत म्हणतो,
"सायखेड्याला."

तेच तर.
पंधरा नळ्या, जांभळा रस्सा,
प्रत्येकीच्या पोटात उलटी बुडवलेली एक इवली नळी.
दोन दिवस उबेत ठेवायच्या, बाळंतिणीच्या खोलीसारख्या,
मग उजेडाकडे धरून बघायचं:
जांभळ्याचं पिवळं झालं का,
उलट्या नळीनं बुडबुडा धरला का.
बुडबुडे मोजले की तक्त्यात आकडा सापडतो.
त्यालाही आम्ही 'संभाव्य' म्हणतो.
आंघोळीला पाचशेपर्यंत बरं.
मी सही करते
ते इथून निघून गेलेल्या पाण्यावर,
ते गिळून, शिंकरून, घरी जाऊन जेवलेल्या पोरांवर.

मला पोहायला इथंच पुढे, गांधी तलावात, अण्णांनी शिकवलं.
पाठीला पामतेलाचा रिकामा डबा,
दोरी काखेत काचायची.
पहिल्या दिवशी नाकातोंडात गेलं
ते कुणी मोजलं नव्हतं.
त्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली.
आई म्हणाली, उसाचा रस बाधला, बर्फ घातलेला.
अण्णा काही बोलले नाहीत,
डबा मात्र माळ्यावर गेला.
कावीळ उतरली
तसा डबाही उतरला.

आज पायरीच्या कडीला अडकून हातमोजा फाटला.
अंगठ्याशी पाणी आत आलं.
नियम स्पष्ट आहे: लगेच काढा, साबण, मग स्पिरिट.
आकडा मला साधारण ठाऊक होता,
गेल्या सोमवारचा, त्याच्या आधीचा,
श्रावणातला तर सांगवत नाही.
अंगठ्याला काहीच ठाऊक नव्हतं.
त्याला गार लागलं.
हातमोजा मी बदलला,
जरा वेळानं.

मिथुन वर आला. दात वाजत होते,
मुठीत दोन रुपये, एक बांगडीचा तुकडा.
"परवा नका सांगू बाई," म्हणाला,
"परवा शाळेला सुट्टी हाय."

बर्फ सहा तास पुरतो.
मी फॉर्मवर वेळ टाकली: सात दहा.
सुकदेवनं गाडी चालू केली, चहा न घेताच.
मागे पाण्यात काहीतरी धपकन पडलं,
वजन साधारण तीस किलो,
आणि हसणं.