जिभेवर पैसा

माडग्याळच्या आरोग्य केंद्रात दुपारी पावणेतीनला
बिराप्पा कोळेकर आला, हाताला मुंडाशाचं फडकं आवळून.
लोकर काढताना मेंढी उसळली,
कातर कोपरापासून मनगटापर्यंत.
जखम लांब होती. मी भुलीची सिरिंज भरली.
पाचव्या टाक्याला तो म्हणाला, अजून कळतंय बाई,
आणि मी दुसरी भरली.

थोड्या वेळानं: जिभंवर पैसा ठेवल्यागत लागतंय.
तांब्याचा.
शमशाद सिस्टर हसली. मी हसले नाही.
कानात घुंगरं वाजत्यात, म्हणाला,
आमचीच मेंढरं आली का बघा.

बाहेर फक्त बाभळ होती
आणि तिच्या सावलीत ईरण्णाची ॲम्ब्युलन्स.

एका बाजूचा ओठ फडफडला. मग सगळा देह.
पुस्तकात हे एका चौकटीत होतं, उजव्या पानावर,
परीक्षेला कधीच न आलेलं.
ऑक्सिजन. झटक्याचं औषध शिरेत, हळू.
श्वास थांबला तेव्हा मास्क तोंडावर, अंबू माझ्या मुठीत,
दाब. सोड. दोन, तीन. दाब.

मिरजेचे भूलतज्ज्ञ फोनवर म्हणाले,
याला दुधासारखं पांढरं औषध लागेल, तेलाचं, शिरेतून.
आमच्या कपाटात नव्हतं.
जतला बाळांच्या दवाखान्यात एक बाटली होती,
दिवस भरायच्या आधी आलेल्यांचं जेवण.

रस्ता कसा होता मला सांगता येणार नाही.
मी छाती उठते का तेवढंच बघत होते.
ईरण्णा कन्नडमध्ये शिव्या देत होता, बहुतेक डंपरला.
शमशाद नाडीचे आकडे मोठ्यानं म्हणायची,
आकडा उतरला की तिचा आवाजही.

जतच्या चौकात कंपाउंडर उभा होता
बाटली छातीशी धरून, लेकरू धरावं तशी.
खिडकीतून दिली त्यानं. नाव विचारायचं राहिलं.

डफळापूरच्या पुढे कुठेतरी
माझ्या मुठीतल्या अंबूला
आतून एक ओढ लागली.
माझी नव्हती.

मिरजेत पोचल्यावर बोटं उघडेनात.

रात्री परत येऊन रजिस्टर लिहिलं.
औषध, मात्रा, वेळ.
वजनाचा रकाना सकाळपासून कोरा.

पंधरा दिवसांनी तो टाके काढायला आला.
मीच सांगितलं त्याला, सगळं, खुर्ची ओढून समोर बसून.
तो बराच वेळ हाताकडे बघत राहिला.
मेंढरू घेताना आमी उचलून बघतो, म्हणाला,
मग कळतं किती किलो.

मी त्याला काट्यावर उभं केलं.
एक्केचाळीस.