कूलरचं गवत

मे महिन्यात माझ्याकडे कोणासाठीच वेळ नसतो.
गोळीबार चौकापासून जरीपटक्यापर्यंत
फोनवर एकच वाक्य:
भाऊ, हवा फेकत नाही हो.
मी पंप उचलतो, कानाला लावतो.
पंप आजारी असला की बोलतो,
घरघरतो, खोकतो, कोरडा फिरतो.
मला वाटायचं, आजारी असलेलं सगळंच बोलतं.

फुटाणा बोलला नाही.

कोपऱ्यात बसून होता कान पाठीवर टाकून,
हनुवटीखालचे केस ओले.
हिमानीनं बिस्किट धरलं. त्यानं नुसतं हुंगलं.
फुटाणे धरले, ज्यांच्यापायी त्याचं हे नाव पडलं.
तेही नाही.
"गरमीनं झोपला असंन," मी म्हटलं
आणि मानेवाड्याची कंप्लेंट घेतली.

रात्री दहाला बायको म्हणाली, पेपर कोरा आहे.
सकाळी अंथरलेला, जसाच्या तसा,
एक लेंडी नाही.
रोज झाडताना जिच्या नावानं बोटं मोडायची
तीच हुडकत होती पलंगाखाली, टॉर्च घेऊन.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर
वैरागडे डॉक्टरीणबाईंनी त्याचं तोंड उघडलं.
दाढांना टोकं आलीत, म्हणाल्या, जीभ कापली आहे.
म्हणून खात नाही.
खात नाही म्हणून पोट थांबलंय.
त्यावर ही शेहेचाळीस डिग्री.
सशाचे दात जन्मभर वाढतात,
गवतच त्यांना झिजवतं.
तुम्ही काय देता?

आम्ही तिघं भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे पाहत राहिलो.
बिस्किट. गाजर. पोळी.
"लाडानं दिलं जी," बायको म्हणाली.

त्या रागावल्या नाहीत. त्याचे तळपाय उलटे केले.
टाचेचे केस गेलेले,
हरभऱ्याच्या डाळीएवढा लाल चट्टा.
पिंजरा कशाचा आहे?

जुन्या कूलरच्या जाळीचा.
मीच वेल्ड केला, दोन संध्याकाळी घालवून,
कोपरे कानशीनं घासले, पोरीच्या हाताला लागू नये म्हणून.
त्याच्या पायाखाली काय येतं, ते पाहिलं नाही.

गवत द्या, पोटभर. बाकी सगळं बंद.
मला हसू आलं, नको तिथं.
माझं दुकान गवतानं भरलंय, बाई,
पोत्यांवर पोती, छतापर्यंत,
अर्धी तांडापेठ थंड करंल एवढं.
लाकडाचं. पिवळ्या केसांसारखं.
खाता येत नाही तेवढं.

दात घासून झाले. कातडीखाली सलाईन सोडलं.
गिट्टीखदानच्या गवळ्याकडून मी वाळलं गवत आणलं,
त्यानं विचारलं, गाय किती देते?
मी म्हटलं, अजून काहीच नाही.

दोन रात्री आम्ही पाळ्या लावल्या.
सिरिंजनं पातळ पीठ, कानांवर ओलं फडकं,
पोटावर हात, गोल गोल, हलका.
मी कान लावला पोटाला, टाकीला लावतो तसा.
काही नाही.
इतकं काही नाही मी कोणत्याच मशिनीत ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या पहाटे साडेतीनला
आत कुठंतरी गुड् झालं,
पाइपात अडकलेली हवा निघते, तेवढंच.
मग पेपरावर सात.
बारक्या, वेड्यावाकड्या, केसात ओवलेल्या.
हिमानीनं दोनदा मोजल्या,
एक काडेपेटीत घालून ठेवली.
"काऊन वं?" बायकोनं विचारलं.
"राहू दे न."

दीड महिन्यानं दात पुन्हा दाखवायचे आहेत.
खर्च मी वहीत लिहिला, कूलरच्या पानावर.

आता तो काडी तोंडाच्या कडेनं आत ओढतो,
कुडुम कुडुम,
आणि काडी आखूड होत जाते.
फोन वाजतो आहे. मानेवाडाच असणार.
वाजू दे जरा.

जाळीवर गोणपाट टाकलंय.
टाचा अजून लाल आहेत.