तळाला कुणी बसत नाही

सेलू-जिंतूर रस्त्यावर, वालूर फाट्याच्या अलीकडं,
जेसीबीच्या दातात चोवीस धाग्यांची केबल गेली.
रात्रीचे साडेअकरा. काळ्या मातीत छातीइतका खड्डा,
खड्ड्यात ताडपत्री, ताडपत्रीवर मशीन,
मशीनपुढं मी, आणि बॅटरी धरून मुदस्सिर,
नवीन पोरगा, आयटीआय नांदेड.

"भैया, ह्या तारीत उजेड येतो तरी कुठनं?"

आधी साल काढ, म्हणलं. स्पिरिटनं पूस.
काच आहे, बोटात मोडली तर सापडत नाही.
उजेड विहिरीतनं येतो.

तो हसला.
मी तेविसावा धागा, गुलाबी, खाचेत बसवला.

तिकडं परभणीला, एका कार्डावर,
तिळाहून बारीक खडा आहे.
त्यात थरावर थर, आणि मधला थर असा,
की तुझ्या एका केसाच्या जाडीत
तसे दहा हजार मावतील.
दोन्हीकडं भिंती. इलेक्ट्रॉन आत पडला की पडला.
बीएस्सीला कात्नेश्वरकर सरांनी खडूनं
फळ्यावर चौकोनी खड्डा काढला होता
आणि म्हणाले, ही विहीर.
मला एकट्यालाच हसू आलं वर्गात,
कारण माझा बाप विहिरी उपसायचा.

वालूरची बारव बघितलीस?
माणूस ह्या पायरीवर उभा राहतो, नाहीतर त्या.
मधल्या हवेत पाय ठेवायला काही नाही.
ह्याचंही तसंच. वरच्या पायरीवरनं खालच्या पायरीवर आला
की तेवढ्या उंचीचा उजेड पडतो.
विहीर अरुंद कर, पायऱ्या लांब जातात,
रंग निळ्याकडं सरकतो.
माती बदल, अजून वेगळा.
मेडिकलवाल्याची ती टूं करणारी लाल रेघ,
चौकातला दिवा, आतनं निळा, वरनं पिवळी पूड लावलेला,
तुझ्या मामाच्या दुकानात धूळ खात पडलेले डीव्हीडी प्लेयर,
सगळ्यांच्या पोटात विहीर आहे.

वर मोटरसायकल थांबली.
"ओ साहेब, कधी चालू व्हायलंय?
पोरीचा फॉर्म राहिलाय. आज बारापर्यंतच हाय."
एक धागा राहिलाय, म्हणलं.
"आन् नेमका आमचा त्योच असंल."

मशीननं ठिणगी टाकली. काचेला काच चिकटली.

एक गोष्ट मात्र बारवेसारखी नाही.
ह्या विहिरीत सगळ्यात खालची पायरीसुद्धा
तळापासून वर असते.
कोंडलेला जीव स्वस्थ बसत नाही, थरथरतो.
जेवढी जागा कमी, तेवढी थरथर जास्त.
थोडा तर भिंतीतही पाझरतो.
सर म्हणाले, तळाला कुणी बसत नाही, हा नियम आहे.
मी वहीत लिहिलं नाही.
मला तो पाठ होता.

बाप आधी कंदील सोडायचा दोरानं.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
जळत राहिला तरी सांगायचा, दम लागला तर उभ्यानं घ्या,
जड हवा खाली साठते, तळाला टेकू नका.
दगडूकाका एकदा घाम पुसायला टेकला.
कंदील हातानं वर आला.
दगडूकाकाला दोरानं आणावं लागलं.

चोविसावा, आकाशी.
लॉस शून्य दशांश शून्य दोन.
परभणीला फोन लावला, सोडा म्हणलं.

आणि काहीच दिसलं नाही.
हा उजेड डोळ्याला दिसतच नाही,
म्हणून तर शिल्लक तुकड्यात मुदस्सिर डोकवायला लागला
तशी मी त्याच्या हातावर मारली.
त्याला राग आला. येऊ दे.

वर मोटरसायकलवाला मोबाईल चेहऱ्यापुढं धरून उभा,
गोल चकरी फिरायलेली,
त्याच्या हनुवटीवर निळसर पांढरा उजेड.
अकरा सत्तावन्न.

मी मशीन पेटीत घातलं, कोपरं टेकून वर आलो.
मुदस्सिर खालीच होता,
खड्ड्याच्या तळाला, गुडघे पोटाशी घेऊन.

ऊठ, म्हणलं.