चौथ्या बोटाखालचं बटण

उद्यमबागेत माझं काम मोजायचं.
पंपाचे स्पूल येतात तेलात न्हालेले, अजून कोमट.
एक गेज आत गेला पाहिजे, दुसरा जाता कामा नये.
दोन मायक्रॉन इकडंतिकडं झालं
की लाल ठिपका, लाल पेटी.
सोळा वर्षं.

आणि हे यंत्र मी घेतलं खडेबाजारातनं,
मुनाफ बेपारीकडनं, डबा नाही, पावती नाही.
हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर.
हलका आहे, म्हणाला.
पाऊण किलो कुंद्याचं पुडकं दोन्ही हातांनी
तोंडावर धरून झोप, म्हटलं, अर्धा तास,
मग सांग हलका.
डुलकी लागली की नाकावरच येतं.

डावी काठी आपणहून डावीकडं सरते.
अंगठा उचलला तरी माझा गडी चालत राहतो,
शांतपणे, दरीच्या काठानं,
कुणीतरी हाक मारल्यासारखा.
चुंबकावरची काठी असते म्हणे, ती झिजत नाही;
ती आधीच घातली असती तर काय बिघडलं असतं?
तोवर मी उजवीकडं रेटतो, केसभर, सारखा.
परवा तिसऱ्या गेटाजवळ
मोटारसायकलचं हँडलही तसंच रेटलं जात होतं.

पंखा सुरू झाला की आतनं सुनंदाक्का विचारते,
गिरण लावलास काय रे?
बॅटरी दीड तास.
हेस्कॉमची लाईट जाते ती दोन तास.
मधला अर्धा तास
मी काळ्या काचेत माझंच तोंड बघतो.
चार्जिंगचं भोक खालच्या अंगाला,
पोटावर टेकवलं की पिन वाकते.
वरती एक भोक जास्तीचं, एवढंच मागणं.

आणि मागचे स्क्रू. सरळ प्लॅस्टिकात पिळलेत.
पितळेची बारकी नटं बसवली असती आत,
आम्ही तसली पोत्यानं फेकतो.
दोनदा उघडलं, आटे गेले.
आटे गेलेली वस्तू मला बघवत नाही.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं.

पाठीला चार बटणं आहेत.
हाताला दोन-दोन, मधल्या बोटाला एक, चौथ्याला एक.
माझं उजवं चौथं बोट
प्रेसखाली गेलं, दुसऱ्या पेरापासनं.
गार्ड काढून ठेवलं होतं, माल लवकर पाहिजे होता.
काढलं मीच.
तर जिथं ते बोट नाही,
नेमकं तिथं, उडीचं बटण.

ज्यांनी हे आखलं
त्यांच्या टेबलाभोवती
सगळ्यांना दहा-दहा बोटं असणार.
आमच्या शॉपमधनं एकाला बोलवायचं होतं, चहाला.

मी व्हर्नियर लावला. बटणापासनं बोटाच्या बुडख्यापर्यंत.
शिफ्ट सुटल्यावर बसवणेप्पा होसमनी लेथवर होता,
नायलॉनचा तुकडा चकमध्ये धरून.
त्यालाही एका तर्जनीला नख नाही.
कशाला, हे त्यानं विचारलंच नाही.
एष्टु?
हन्नोंदु, म्हटलं.
अकरा मिलिमीटर.

खाटेच्या पायासारखं टोपण निघालं, पांढरं.
दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून बसवलं.
गेज लावला असता तर लाल पेटीतच गेलं असतं:
तिरकं, थोडं सैल, कडेला बर.

तिथंच, कुलंटच्या वासात, दोघं वाकून.
बुडख्यानं दाबलं.
गडी उडला.
एवढा उंच की बसवणेप्पानं मान वर केली.
आणि हवेत असतानाच
डावी काठी सरली
आणि तो गेला दरीत, हातपाय पसरून,
खाली, खाली.

बसवणेप्पा हसता हसता खोकायला लागला,
तेलाचा हात पँटीला पुसला,
इन्नोम्मे, म्हणाला,
आणि मी पुन्हा पहिल्यापासनं लावलं.